दुसरी सही

मी उभ्या आयुष्यात कोणाचं वाईट केलं नाही. चांगलं मात्र एकदाच करायला गेलो, आणि त्यापायी अख्ख्या इमारतीत अंधार झाला, सेक्रेटरी लिफ्टमध्ये अडकले, वीज कंपनीच्या दप्तरात माझ्या नावापुढे ‘संशयास्पद’ असा शेरा पडला आणि एका कबुतराने माझ्या घरात संसार थाटायचा घाट घातला. थोर लोकांची चरित्रं मी पुष्कळ वाचली आहेत. त्यांत कबुतराचा उल्लेख कुठेही नाही.

सुरुवात कम्प्युटरपासून झाली. माझा मुलगा लांब राहतो. इतका लांब, की आमच्याकडे दिवस सुरू होतो तेव्हा त्याच्याकडे आदला दिवस अजून संपायचा असतो. त्याने तो कम्प्युटर पाठवला. चांगला दणकट, पायाशी ठेवायचा, पाहुण्यांच्या ट्रंकेएवढा. “बाबा, फोनवर तुम्हाला नीट दिसत नाही. आता दर रविवारी नात मोठी दिसेल,” असं म्हणाला. नात मोठी दिसायची हे खरं. ती पडद्यावर यायची, “हाय आजोबा” म्हणायची आणि पळायची. मग मुलगा उरायचा. तो बोलायचा माझ्याशी, पण बघायचा जरासा डावीकडे. डावीकडे त्याने दुसरं काम उघडून ठेवलेलं असणार हे मला लगेच कळलं, कारण हाफिसात टेबलापुढे माणूस उभा असताना मीही नोकरीभर तेच केलं आहे. शेवटी “बरंय बाबा, जपा” म्हणून तो गेला की पडदा काळा व्हायचा, आणि त्या काळ्या काचेत माझा मीच मला दिसत राहायचो.

पुढचा रविवार येईपर्यंत कम्प्युटर नुसता बसून. आता, वस्तू वापराविना पडून राहिलेली मला बघवत नाही. हा आमचा घराण्याचा रोग आहे. माझ्या वडिलांनी मोडक्या छत्रीच्या काड्यांवर टोमॅटोची रोपं चढवली होती. तेव्हा एवढं महागाचं यंत्र आठवडाभर माझ्यासारखंच खुर्चीशेजारी बसून राहतं, हे माझ्या मनाला लागून राहिलं.

अशात पेपरात एक मजकूर वाचला. कुठल्याशा संशोधकांना एका हट्टी आजारावर औषध शोधायचं होतं. आजार म्हणजे एक कुलूप, आणि औषध म्हणजे किल्ली. किल्ल्या लाखोंनी होत्या, आणि त्या एकेक करून लावून बघायला संशोधकांचे स्वतःचे कम्प्युटर पुरेनात. म्हणून त्यांनी जगाला हाक घातली होती, की ज्याच्या घरी कम्प्युटर रिकामा बसला असेल त्याने तो आम्हाला उसना द्यावा. द्यावा म्हणजे उचलून न्यायचा नाही. एक प्रोग्रॅम बसवायचा. तो त्यांच्याकडून किल्ल्यांचा एक जुडगा आणतो, तुमच्या घरी बसून प्रत्येक किल्ली कुलपाला लावून बघतो, उत्तर परत पाठवतो आणि पुढचा जुडगा मागतो. पैसे मिळत नाहीत. पुण्य मिळतं, तेही त्यांनी छापलेलं नव्हतं, मी धरून चाललो.

प्रोग्रॅम बसवला. त्यात एक प्रश्न होता, यंत्राची किती ताकद द्याल? मी विचार केला, द्यायचंच तर हात आखडता कशाला, आणि शंभर टक्के लिहिलं. क्षणभर काही झालं नाही. मग पंखा गरगरायला लागला आणि घरभर एक दमदार, एकसुरी घरघर पसरली.

खरं सांगायचं तर मला पहिलं जे वाटलं ते पुण्याबिण्याचं नव्हतं. घरात आवाज आला, एवढंच वाटलं. ही गेल्यापासून घरात आवाज म्हणून उरला नव्हता. एकटा माणूस आवाज करत नाही, हे मला ही गेल्यावर कळलं. भांडी आपटायलासुद्धा दुसऱ्या खोलीत कोणी ऐकणारं लागतं. मी दिवसदिवस कपाटाची दारं हळू लावत होतो, कोणाची झोपमोड होणार होती देव जाणे. आता बाहेरून आलो की कुलूप काढता काढताच आतली घरघर ऐकू यायची. घरात कोणीतरी कामात आहे असं वाटायचं. मी चपला काढताना “आलो बरं का” असं म्हणायलाही लागलो होतो. हे कोणाला सांगितलेलं नाही.

या कामाची एक रीत होती, ती वाचून तर मी त्यांचाच झालो. एकाच जुडग्याची एक प्रत एका कम्प्युटरला देत आणि दुसरी प्रत दुसऱ्या कोणाच्या कम्प्युटरला. दोघांची उत्तरं जुळली तरच ती खरी मानायची. एक आलं आणि दुसरं यायचं असलं, तर आलेलं ‘प्रलंबित’.

वाचकहो, मी निवृत्त झालो तो वजनमापं तपासणी खात्यातून, आणि तिथे माझं काम दुसऱ्या सहीचं होतं. पहिली सही करणारा तराजू तपासायचा. दुसरी सही करणारा, म्हणजे मी, पहिल्याने तो तपासला आहे हे तपासायचो. लोक हसायचे. पण माझ्या सहीशिवाय एक तराजू बाजारात जात नसे, आणि गेला असता तर हसणाऱ्यांनाच माल कमी मिळाला असता. दुसऱ्या सहीची किंमत जाणणारी माणसं जगात आहेत हे बघून मला गहिवरून आलं.

माझा जोडीदार कोण, ते त्यांच्या पानावर दिसायचं. सारख्या बनावटीच्या यंत्रांच्याच जोड्या लावत, त्यामुळे माझी गाठ बहुतेक एकाशीच पडायची. त्याने स्वतःचं नाव ‘करडं घुबड’ असं घेतलं होतं. आपल्याकडे घुबड दारासमोर बसलं तर लोक हुसकून लावतात, आणि इथे मी त्याची वाट बघायला लागलो. तो कुठे राहतो, काय करतो, काही कळायला मार्ग नव्हता. मी माझ्यापुरतं ठरवून टाकलं की म्हातारा आहे, गळ्याला मफलर आहे आणि घरी एकटा आहे. भरल्या घरात असली घरघर कोण चालू देईल?

आमच्या दोघांचं उत्तर नेहमी एकच यायचं. ‘नाही.’ ही किल्ली लागत नाही. तीही नाही. पुढचीही नाही. मी ‘नाही’ म्हटलं की घुबडही ‘नाही’ म्हणायचं, आणि समोर हिरवी खूण उमटायची. मला त्यात निराश होण्यासारखं काही वाटलं नाही. ‘नाही’ म्हणणाऱ्याला दुजोरा देण्यातच माझी हयात गेली आहे. एकदा मात्र घुबड काही दिवस गप्प झालं. माझी उत्तरं प्रलंबितात पडून राहिली, आणि मी दर थोड्या वेळाने पान उघडून बघत होतो. आजारी असेल का? त्याच्याकडे कोणी बघणारं असेल का? मग एका सकाळी ते परत आलं, सगळ्या खुणा भराभर हिरव्या झाल्या, आणि मी आनंदाने चहात साखर दोनदा घातली.

इथवर सगळं गोड होतं. पण सुखाला भिंत असते, आणि माझ्या सुखाच्या भिंतीपलीकडे बाई राहत होत्या.

बाई म्हणजे गणिताच्या बाई. मुलींच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्या. इमारतीत त्यांना सगळे टरकतात. जे त्यांच्या हाताखाली शिकले नाहीत तेसुद्धा त्या जिन्यात दिसल्या की हातातली विडी विझवतात. माझं घर टोकाचं, त्यामुळे माझ्या घराला दुसऱ्या घराची अशी एकच भिंत, आणि ती नेमकी बाईंची. भिंतही नावालाच. बिल्डरने ती बहुधा शिल्लक सामानातून उभी केली असावी.

एका संध्याकाळी त्या भिंतीवर ठक ठक असा आवाज आला. लाकडी पट्टीचा. ती पट्टी शाळेतून निवृत्त झालेली नव्हती एवढाच त्याचा अर्थ. मी चपापलो. ओरडून माफी मागावी तर आवाजात आवाज वाढवल्यासारखं होणार. म्हणून मी मोठ्याने खोकलो. ऐकलं, समजलं, शरमिंदा आहे, असं सगळं त्या खोकल्यात घातलं. पलीकडे शांतता झाली. दुसऱ्या दिवशी दिवे लागायच्या सुमाराला पुन्हा ठक ठक, पुन्हा मी खोकलो. मग ते रोजचंच झालं.

रोज खोकून माणूस निर्लज्ज ठरतो. म्हणून आवाज दाबावा या सद्हेतूने मी कम्प्युटरवर जाड रजई घातली. थोड्याच वेळात घरघर वाढली, मग केकाटल्यासारखा आवाज झाला आणि यंत्र आपोआप बंद पडलं. रजई उचलून हात लावला तर तव्यासारखं तापलेलं.

सल्ल्यासाठी मी खालच्या मजल्यावरच्या कॅशियरांकडे गेलो. ते बँकेतून निवृत्त झालेले, आणि नोटा मोजून मोजून त्यांचा असा समज झालेला, की जगातल्या कोणत्याही गोष्टीला बोट लावलं की ती खरी का खोटी ते कळतं. त्यांनी वर येऊन यंत्राला बोट लावलं आणि चटकन काढलं.

“ताप आहे,” ते म्हणाले. “ह्याचं एका बाजूचं झाकण काढा आणि खिडकी उघडी ठेवा. वारा लागला पाहिजे. पण मला आधी सांगा, हे करताय कशासाठी?”

मी कुलूपकिल्ली समजावून सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“म्हणजे लष्कराच्या भाकऱ्या,” ते म्हणाले. “आणि लष्करही आपलं नाही.”

मी अपमान गिळला, झाकण काढलं, खिडकी उघडली आणि भाजी आणायला गेलो. परत आलो तर यंत्रावर कबुतर. तेही नुसतं टेकलेलं नाही. पंख पसरून, पोट यंत्राला लावून, डोळे अर्धे मिटून बसलेलं. इतकी सुखी मुद्रा मी आमच्या नात्यात कोणाची पाहिलेली नाही. मी “हुश हुश” केलं तर त्याने एक डोळा उघडून माझ्याकडे असं बघितलं, की काय काम आहे? झाडू आणला तेव्हा ते उडालं, पण जाताना एक पीस आतल्या पंख्यात सोडून गेलं, आणि घरघरीचं फडफडीत रूपांतर झालं. संध्याकाळी बाईंनी पट्टी जास्त जोरात मारली. मीही तसाच खोकलो.

ते पीस मी भुवया उपटायच्या चिमट्याने काढलं. चिमटा हिचा होता. ती गेल्यावर तिच्या डब्यातलं काही वापरायचा तो पहिलाच प्रसंग, आणि मी तो चिमटा पुसून परत जागच्या जागी ठेवताना जरा वेळ तसाच उभा राहिलो.

खिडकी बंद केली तर उष्णता, उघडली तर कबुतर. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ते हेच. शेवटी मी खिडकी लावून घेतली आणि यंत्राच्या दोन्ही बाजूंना दोन टेबलपंखे लावले. तिसरा पंखा त्या दोघांमधली गरम हवा स्वयंपाकघराकडे ढकलायला लावला. ही योजना माझी स्वतःची होती आणि मला तिचा अभिमान वाटला. आमच्या इमारतीचं वायरिंग मात्र इमारतीहूनही जुनं असावं. तिसऱ्या पंख्याचं बटण दाबलं आणि खालून कुठूनतरी फाट असा आवाज आला. माझं घर, जिना, पाण्याचा पंप आणि लिफ्ट, सगळं एकदम बंद. लिफ्टमध्ये सेक्रेटरी होते. आमच्या इमारतीचे सेक्रेटरी एरवी लिफ्ट वापरतच नाहीत. लिफ्ट नीट चालते की नाही, हे बघायला ते त्या दिवशी आत शिरले होते.

त्यांना बाहेर काढेपर्यंत वायरमनने माझ्या पंख्यांपर्यंत माग काढला होता. सेक्रेटरी घामाने निथळत माझ्या दारात आले. मागे कॅशियर होते, त्यांच्या मागे जिन्यावर बरीच मंडळी होती.

“तुम्ही घरात कारखाना काढलाय,” सेक्रेटरी म्हणाले.

“कारखाना नाही हो. समाजकार्य आहे.”

“समाजकार्याला तीन पंखे लागत नाहीत. चहा लागतो.”

“औषध शोधतायत ते,” कॅशियरांनी मदत केली. ही मदत नसती तर बरं झालं असतं, कारण जिन्यावर लगेच ‘औषधं बनवतात’ असं पसरलं, आणि तिसऱ्या मजल्यापर्यंत जाईस्तोवर त्यात स्फोटक द्रव्यं मिसळली होती.

सेक्रेटरींनी वीज कंपनीत तक्रार केली. वीज कंपनीच्या साहेबांनी येऊन मीटर बघितला, यंत्र बघितलं, आणि पंखे बघितल्यावर माझ्याकडे बघितलं. मग खुर्चीवर बसून त्यांनी फायलीतून कागद काढला.

“वापर घरगुती की व्यापारी?”

“घरगुती.”

“घरगुती माणूस दिवसभर एवढी वीज ओढत नाही. धंदा काय आहे?”

“धंदा नाही, साहेब. फुकट करतो.”

“कोणासाठी?”

“आजारी लोकांसाठी.”

“ओळखीचे?”

“नाही.”

साहेबांनी पेन खाली ठेवलं. “म्हणजे ओळख नसलेल्या माणसांसाठी, फुकट, स्वतःच्या खर्चाने, दिवसभर.”

“हो.”

“का?”

आता ह्याचं काय उत्तर द्यावं? आवाज येतो म्हणून, असं सरळ सांगितलं असतं तर त्यांनी तेही लिहून घेतलं असतं. मी यंत्रावरची धूळ पुसायला लागलो. त्यांनी ‘संशयास्पद’ असं लिहिलं, आणि ते बरोबरच होतं. त्यांच्या जागी मी असतो तर त्याखाली डोळे मिटून दुसरी सही केली असती.

“कागदावर दोनच रकाने आहेत,” ते जरा मऊ आवाजात म्हणाले. “तुम्ही कुठल्याच रकान्यात बसत नाही. घरगुती दाखवायचं असेल तर भिंत सामाईक असलेल्या शेजाऱ्याची साक्ष लागेल, की इथे धंदा चालत नाही. त्यांनी सही केली की मी शेरा काढतो. तोवर यंत्र बंद ठेवा, नाहीतर मला जोडणी तोडावी लागेल.”

नोकरीभर लोक माझ्या दुसऱ्या सहीसाठी ताटकळत उभे राहिले. आता मला कोणाचीतरी दुसरी सही हवी होती, आणि ते ‘कोणीतरी’ म्हणजे बाई. दैवाला विनोद करायचा झाला की तो असा नेमका करतं.

मी कागद घेऊन बाईंची बेल वाजवली. दार साखळीपुरतं उघडलं. फटीतून चश्म्याची एक काच दिसली. मी विनंती केली.

“आवाज तुम्ही करायचा,” बाई म्हणाल्या, “आणि तो होत नाही म्हणून सही मी करायची?”

“आवाज होत नाही असं नाहीये, बाई. धंदा होत नाही, असं आहे.”

“कागद नीट लिहिलेला नाही. दुसऱ्याच ओळीत चूक आहे.” दार बंद झालं.

मी घरी आलो. चालू असलेला जुडगा अर्ध्याच्या पुढे गेला होता. मुदत जवळ आली होती, आणि त्याची दुसरी प्रत घुबडाकडे होती. घुबडाचं उत्तर येऊनही पडलं होतं. त्याच्या नावापुढे ‘प्रलंबित’ दिसत होतं, आणि ते माझ्यामुळे होतं. ह्या वेळेला वाट बघणारा तो होता. तो माझ्यासारखाच दर थोड्या वेळाने पान उघडून बघत असेल, म्हातारा बरा आहे ना, असं मनाशी म्हणत असेल, आणि त्याला काही कळवायची सोय नव्हती. मी खाली वाकून बटण बंद केलं. घरघर उतरत उतरत गेली आणि थांबली.

मला फार एकटं वाटलं. हे हसण्यावारी न्यायचा प्रयत्न मी पुष्कळ केला, पण जमलं नाही, म्हणून सरळ लिहितो. घड्याळाची टिकटिक परत ऐकू यायला लागली. मी कपाटाचं दार मुद्दाम आपटून बघितलं. एकदा आपटलं, आणि दुसऱ्यांदा आपटायचं कारण सापडेना. बाजारातून आलो तेव्हा चपला काढताना “आलो” म्हणायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

रविवारी किल्ल्यांचा प्रोग्रॅम थांबवून यंत्र मुलाशी बोलण्यापुरतं लावलं. तेवढ्याला कोणाची हरकत नव्हती.

“बाबा, आज आवाज किती छान येतोय!” मुलगा म्हणाला. “ती मागची घरघर गेली वाटतं.”

“गेली.”

“बरं झालं. सगळं ठीक ना?”

“ठीक.”

“बरंय बाबा, जपा,” तो डावीकडे बघत म्हणाला. पोरगा चांगला आहे. त्याला डावीकडे काम आहे, त्याला तो काय करणार?

यंत्र परत बंद केलं. दिवे लागायची वेळ झाली. मी दिवा लावला नव्हता, नुसता बसलो होतो. तेवढ्यात भिंतीवर ठक ठक झालं.

मी चकित झालो. घरात टाचणी पडली तर ऐकू येईल अशी स्थिती, आणि ह्या बाई ठोकतायत कशाला? खोकायचं तरी कशाबद्दल? मला थोडा रागही आला. गुन्हा केला तेव्हा निमूट खोकलो, आता केला नाही तरी खोकायचं, इतका काही मी लेचापेचा नाही. मी गप्प राहिलो. पुन्हा ठक ठक. पुन्हा गप्प. मग कोणी पत्र्यावर दगड मारावेत तशी पट्टी भिंतीवर बडवली गेली, आणि एकदम थांबली. पलीकडे दार उघडल्याचा आवाज आला. सपाता फरफटत आल्या. माझी बेल वाजली, आणि बोट बेलवरून उठेचना.

दार उघडलं. समोर बाई. हातात पट्टी, चश्मा तिरका, एका पायातली सपात वाटेत राहिलेली. मला बघून त्यांनी श्वास सोडला, आणि मग त्या रागावल्या.

“खोकला का नाहीत?”

“यंत्र बंद आहे, बाई.”

“मी यंत्राचं विचारलेलं नाही.”

मी वाटेत राहिलेली सपात आणून त्यांच्या पायाशी ठेवली.

“काल आवाज नाही,” बाई म्हणाल्या. “कालची संध्याकाळ मी कशीबशी सोडून दिली. म्हटलं, कुठे गेले असतील. आज सकाळपासून आवाज नाही, दिवा नाही. ठोकलं तर उत्तर नाही. माणसाने काय समजायचं?”

“पण तुम्हाला त्या आवाजाचा त्रास होत होता ना?”

“होत होता. चालू केलंत की परत होईल. त्रास होतो म्हणून काळजी वजा होत नाही, समजलं?” त्यांनी चश्मा सरळ केला. “मी ठोकायची, तुम्ही खोकायचात. मग मी दिवा लावायची आणि पोळ्या करायला घ्यायची. आज पीठ मळून तसंच पडलंय.”

मी त्यांना आत या म्हटलं. त्या यंत्राशेजारच्या खुर्चीत बसल्या, जिथे मी बसतो, आणि त्या यंत्राकडे एखाद्या नापास मुलीकडे बघावं तशा बघत राहिल्या. हे करतं तरी काय, असं त्यांनी विचारलं. मी सगळं सांगितलं. कुलूप, किल्ली, घुबड, एक गणित दोघांनी सोडवायचं, आणि दोघांचं उत्तर जुळलं तरच ते धरायचं.

“म्हणजे पडताळा,” बाई म्हणाल्या.

“हो. पडताळा.”

“पोरींना सांगून सांगून माझा घसा बसला. पडताळा घेतल्याशिवाय वही मिटायची नाही.” त्यांनी हातातली पट्टी मांडीवर ठेवली. “आणि तो घुबडवाला तिकडे थांबलाय?”

“थांबलाय.”

“तुमच्यामुळे?”

“माझ्यामुळे.”

“मग तो कागद आणा इकडे. उशीर कसला करताय?”

बाईंनी कागद पूर्ण वाचला. मग कमरेच्या बटव्यातून लाल पेन काढून त्यातल्या सगळ्या चुका दुरुस्त केल्या. वीज कंपनीच्या छापील मजकुरातल्यासुद्धा. शेवटी खाली सही केली, आणि सहीखाली रेघ मारली.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी तो कागद बघून डोक्याला हात लावला. छापील मजकुरात खाडाखोड झाल्यामुळे प्रत्येक दुरुस्तीशेजारी दुसऱ्या कोणाची सही लागते म्हणाले. मी विचारलं, मी केली तर चालेल का? नियमात बसतं, असं त्यांनी पुस्तकात बघून सांगितलं. मग मी त्यांच्या टेबलाच्या कोपऱ्यावर बसून बाईंच्या एकेका लाल खुणेशेजारी दुसरी सही केली. कितीतरी वर्षांनी करत होतो, पण सहीचं वळण तेच उमटलं. साहेबांनी ‘संशयास्पद’ खोडलं, पंखा मात्र एकच ठेवायची अट घातली, आणि ताकद शंभरावरून निम्म्यावर आणायला सांगितलं. सेक्रेटरींना मी ते दाखवलं तेव्हा ते लिफ्टसमोर उभे होते. “ठीक आहे,” म्हणाले, आणि जिन्याने गेले.

घरी येऊन बटण दाबलं. घरघर आली, पूर्वीपेक्षा हळू. जुडगा सोडला होता तिथून पुढे चालू झाला, आणि मुदत संपायच्या आत उत्तर गेलं. घुबडाचं उत्तर ‘नाही’ होतं. माझंही ‘नाही’ आलं. हिरवी खूण झाली. मी पडद्यासमोर हात जोडून म्हटलं, “माफ करा हं, जरा अडचण होती.”

संध्याकाळ झाली. मी दिवा लावला आणि खुर्चीत बसून वाट बघत राहिलो. घसाही साफ करून ठेवला होता. भिंतीवर काही वाजेना. म्हटलं, आवाज कमी झालाय, आता कशाला ठोकतील? सहीसुद्धा देऊन झाली. वाटलं, बरंच झालं. मग वाटलं, काय बरं झालं? पोळ्यांची वेळ होत आली होती. पलीकडे भांड्याचा आवाज नाही, नळाचा नाही. मी उठून भिंतीला कान लावला. काही नाही. परत येऊन बसलो, परत उठलो.

शेवटी मी बोटं वाकवून भिंतीवर दोनदा ठोकलं.

काही वेळ काहीच झालं नाही. मग पलीकडून खोकला आला. मुद्दाम काढलेला, कोरडा, माझ्याच खोकल्यासारखा खोटा. आणि त्यापाठोपाठ पोळपाट ओट्यावर ठेवल्याचा आवाज.